डेथ व्हॅलीत हरवलेले चौघे आणि नकाशा वाचणारे हौशी शोधक

हरवलेल्या माणसाचा अधिकृत तपास थांबला, कागद कपाटात गेले आणि काही वर्षे उलटली, की त्या प्रकरणात रस घेणारी एक वेगळीच मंडळी पुढे येते. त्यांना कोणी नेमलेले नसते, पगार नसतो आणि बहुतेकांचा त्या कुटुंबाशी काही संबंधही नसतो. यांतले बरेच जण घरबसल्या तर्क लढवतात आणि तिथेच थांबतात. मोजके लोक मात्र खरोखर माणूस शोधून काढतात. ते नेमके काय वेगळे करतात हे समजून घ्यायला कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतले १९९६ सालचे प्रकरण फार उपयोगाचे आहे, कारण त्यात तर्काची एकेक पायरी उलगडून पाहता येते आणि उत्तर बरोबर आले की नाही हेही शेवटी कळते.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातले चौघे जण त्या वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेत सहलीला आले होते. एक पुरुष, त्याचा शाळकरी मुलगा, त्याची जोडीदार आणि तिचा चार वर्षांचा मुलगा. त्यांनी हिरव्या रंगाची प्लिमथ व्हॉयेजर ही मिनीव्हॅन भाड्याने घेतली आणि लास व्हेगासमार्गे २२ जुलैला डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये प्रवेश केला. या दरीचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे, आणि जुलैमध्ये तिथले दिवसाचे सरासरी कमाल तापमान ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, त्यांनी डोंगरातल्या वॉर्म स्प्रिंग या जुन्या खाणवस्तीवरच्या वहीत जर्मन भाषेत नोंद केली की आम्ही खिंडीतून पलीकडे जात आहोत. त्यानंतर त्यांना कोणी पाहिले नाही. २७ जुलैच्या परतीच्या विमानात ते चढले नाहीत आणि गाडीही परत आली नाही.

तीन महिन्यांनी, २१ ऑक्टोबरला, हेलिकॉप्टरमधून पाहणी करणाऱ्या एका रेंजरला ती हिरवी गाडी अॅनव्हिल कॅन्यन नावाच्या ओसाड घळीत दिसली. खाली वाळूचे कोरडे पात्र होते, तीन चाकांतली हवा गेलेली होती आणि गाडी कुलूपबंद होती. मग मोठी शोधमोहीम झाली. दोनशेहून अधिक माणसे, घोडे आणि हेलिकॉप्टरे काही दिवस त्या परिसरात फिरली. हाती आली ती एक बिअरची बाटली, गाडीपासून घळीत पूर्वेकडे, म्हणजे उताराच्या दिशेला, एका झुडपाखाली पडलेली. त्यापुढे माग लागला नाही आणि मोहीम आटोपली.

माग संपला तिथे कथा सुरू झाल्या. ते मुद्दामच गायब झाले आणि दुसऱ्या देशात त्यांनी नवे आयुष्य सुरू केले, अशी एक. अमली पदार्थ बनवणाऱ्यांनी त्यांना संपवले, अशी दुसरी. जवळच नौदलाचा शस्त्रचाचणी तळ असल्यामुळे हेरगिरीच्या कथेलाही तोटा नव्हता. खिंडीपलीकडे, गोलर वॉश नावाच्या घळीच्या बाजूला, १९६९ मध्ये हत्याकांड घडवणाऱ्या टोळीचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सन ज्या रानवस्तीवर पकडला गेला ते बार्कर रँच आहे. तेव्हा भुताटकीची फोडणी घालायलाही सामान तयार होते. या कथांचा दोष केवळ त्या चुकीच्या होत्या हा नाही. त्यांतली एकही कथा पुढचे पाऊल नकाशावर कुठे टाकायचे ते सांगत नव्हती.

टॉम महूड हा अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी असलेला गृहस्थ, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड माउंटन रेस्क्यू युनिटचा स्वयंसेवक होता. या प्रकरणात त्याने ‘ते कुठे गेले असतील’ हा प्रश्न बाजूला ठेवला. त्याने आधी विचारले की ती गाडी तिथे आलीच कशी, कारण ज्या ठिकाणी चारही चाकांना ताकद मिळणारी जीपसुद्धा जपून न्यावी लागते तिथे सहलीची मिनीव्हॅन कोणी हौसेने नेत नाही. गाडीच्या जागेमागे एक निर्णय असला पाहिजे आणि तो निर्णय ज्यांनी घेतला त्यांना त्या क्षणी काय ठाऊक होते, एवढेच पाहायचे, असे त्याने ठरवले.

इथे त्या भागाचा भूगोल थोडा सांगावा लागेल. दरीतून पश्चिमेला वॉर्म स्प्रिंग कॅन्यनमधून एक कच्चा रस्ता चढत जातो आणि बट व्हॅली नावाच्या उंच पठारी भागात पोहोचतो. तिथे एक दगडी खोपटे आहे, जिओलॉजिस्ट्स केबिन, आणि त्याच्याजवळ पाण्याचा झरा आहे. या खोपट्यातला अमेरिकेचा झेंडा पुढे त्या गाडीत सापडला, म्हणजे चौघे तिथे थांबले होते हे नक्की. खोपट्याच्या पुढे मेंगेल पास ही खिंड लागते आणि ती ओलांडली की माणूस पलीकडच्या पॅनामिंट व्हॅलीत उतरतो. नकाशावर हा पश्चिमेला जाण्याचा जवळचा मार्ग दिसतो. प्रत्यक्षात खिंडीजवळचे दगड मिनीव्हॅनच्या पोटाला घासतील एवढे मोठे आहेत. वहीतली नोंद पाहता त्यांनी प्रयत्न केला असणार आणि तो सोडून द्यावा लागला असणार.

मग परत फिरायचे. आल्या वाटेने जायचे तर फेरा मोठा, रस्ता खडबडीत, आणि दिवस कलायला लागलेला. त्याच नकाशावर अॅनव्हिल कॅन्यनची वाट मात्र खोपट्यापाशी सुरू होऊन सरळ पूर्वेला दरीत उतरताना दिसते. लहान मुले गाडीत असताना आणि पुढच्या मुक्कामाची घाई असताना ही वाट कोणालाही सोयीची वाटेल. परंतु ती वाट जमिनीवर उरलीच नव्हती. काही अंतरानंतर ती ओढ्याच्या वाळूत विरून जाते, वाळूत दगड लपलेले असतात, चाके एकामागून एक फुटतात, आणि तरीही चालक पुढेच जात राहतो. सह्याद्रीत चुकीच्या नाळेत उतरलेला ट्रेकरही असाच वागतो: जितका खाली गेला तितके परत चढणे नकोसे होते आणि पुढच्या वळणावर वाट फुटेल या आशेवर तो आणखी उतरतो. शोधपथकांतले अनुभवी लोक या वागणुकीला चांगले ओळखून असतात.

इथपर्यंतचा तर्क बऱ्याच जणांना जमला असता. पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

गाडी अडकल्यावर चौघांपुढे तीन सरळ पर्याय होते. मागे चढून खोपट्याकडे जावे, जिथे सावली आणि पाणी होते. घळीने पूर्वेला उतरून दरीतल्या रस्त्यावर जावे. किंवा गाडीपाशीच थांबावे, जो सल्ला वाळवंटात हरवलेल्या प्रत्येकाला दिला जातो. १९९६ च्या शोधात लक्ष मुख्यतः गाडीच्या आसपास आणि घळीवर होते आणि बाटलीही पूर्वेलाच सापडली होती, त्यामुळे ते स्वाभाविकच होते. महूडने चौथी दिशा पाहिली, दक्षिणेची. त्या बाजूला डोंगर आहेत, रस्ता नाही, पाणी नाही. मग कोणी तिकडे का जाईल? त्याचे उत्तर नकाशावर होते. पार्कच्या दक्षिणेला लागून चायना लेक या नौदलाच्या तळाची हद्द दाखवलेली असते. जर्मनीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे लष्करी तळ म्हटल्यावर काय येते? तारेचे कुंपण, त्याच्या कडेने गस्त घालणारी गाडी, पहारेकरी. ज्या प्रदेशात आठवडाभर माणूस दिसण्याची खात्री नाही, तिथे ही सीमारेषा म्हणजे हमखास भेटणारी माणसे, असा हिशेब त्यांनी केला असावा. खोपट्यात पाणी होते पण मदतीला कोणी नव्हते, आणि चार दिवसांनी विमान होते.

चायना लेकचा तळ १९४३ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे क्षेत्र साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या ओसाड डोंगराळ हद्दीला कुंपण घालून गस्त ठेवण्याची कोणाला गरज नव्हती. त्या टोकाला होते ते पुढचे डोंगरच. एखाद्या स्थानिक शोधकाला हे इतके परिचित असते की कोणी वेगळे समजू शकेल ही शंकाही त्याला येत नाही, आणि माझ्या मते १९९६ मध्ये दक्षिण बाजू मागे पडली ती यामुळेच. महूडने स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवून परक्या प्रवाशाच्या हातातला नकाशा वाचला.

या तर्काला शरीराच्या गणिताचीही मर्यादा घालावी लागते. पंचेचाळीस अंशांच्या वर उन्हात चालणाऱ्या प्रौढ माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम जातो. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो असते, आणि दोन प्रौढांना चौघांसाठी पाणी वाहायचे असेल, शिवाय दमलेल्या लहानग्याला कडेवर घ्यायचे असेल, तर ते काही तासांपुरतेच पाणी नेऊ शकतात. म्हणजे गाडीभोवती अमर्याद वर्तुळ काढण्यात अर्थ नसतो. एका दिवसाच्या किंवा एका रात्रीच्या चालीत जिथवर पोहोचता येईल तिथवरच शोध घ्यायचा, आणि त्यातही उंच कड्यांना टाळून माणूस ज्या खिंडींतून आणि घळींतून जाईल त्याच धरायच्या. अख्खे वाळवंट अशा रीतीने दोन-चार वाटांवर येते.

नोव्हेंबर २००९ मध्ये महूड आणि त्याचा साथीदार लेस वॉकर हे गाडीच्या जागेच्या दक्षिणेकडच्या प्रदेशात उतरले. गाडीपासून बारा-चौदा किलोमीटरवर त्यांना आधी दारूची बाटली, मग काही वैयक्तिक वस्तू आणि त्या स्त्रीच्या नावाचे ओळखपत्र सापडले. आसपास हाडे होती. त्यांनी जागेची नोंद केली, छायाचित्रे घेतली आणि इन्यो काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला कळवले. अवशेष गोळा करण्याचे काम अधिकृत पथकाने केले. पुढे डीएनए चाचणीतून पुरुषाची ओळख पक्की झाली. हाडे जागेवर असताना, कोणती कुठे आणि कशाच्या बाजूला पडली आहेत, यावरून मृत्यू तिथेच झाला की प्राण्यांनी किंवा पुराच्या पाण्याने ती वाहून आणली हे ठरवता येते. उत्साहाच्या भरात एक वस्तू उचलली तरी ही माहिती कायमची जाते, म्हणून शोधणाऱ्याने हात न लावता अक्षांश-रेखांश नोंदवून मागे फिरावे, हा नियम हौशी मंडळींत कमालीच्या कडकपणे पाळला जातो. निदान पाळला गेला पाहिजे.

आता या सगळ्यामागचे शास्त्र. त्याची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत, जेव्हा अमेरिकी नौदलातल्या गणितज्ञांनी जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी शोधाचा सिद्धान्त बांधायला घेतला. त्याचा गाभा दोन संख्यांत मावतो. पहिली, हरवलेली व्यक्ती किंवा वस्तू अमुक भागात असण्याची शक्यता. दुसरी, ती त्या भागात असेल तर आपल्या शोधात सापडण्याची शक्यता. दोन्हींचा गुणाकार म्हणजे तो भाग शोधून यश मिळण्याची शक्यता.

आकडे घालून पाहू. समजा आपण प्रदेशाचे तीन भाग केले आणि व्यक्ती पहिल्यात असण्याची शक्यता ४० टक्के, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २० मानली. उरलेले १० टक्के ‘यांपैकी कुठेच नाही’ यासाठी राखून ठेवले. हे राखून ठेवणे विसरू नये, कारण इथेच बहुतेक हौशी तर्क घसरतात. आता पहिला भाग शोधला आणि तिथे व्यक्ती असती तर सापडण्याची शक्यता ६० टक्के होती असे धरू. काही सापडले नाही. पहिल्या भागाची शक्यता शून्य झाली का? नाही. ४० पैकी ६० टक्के, म्हणजे २४, वजा झाले आणि १६ उरले. सगळी मिळून ७६ उरतात, आणि त्यांना पुन्हा शंभरावर आणले की पहिला भाग २१ टक्क्यांवर येतो, दुसरा जवळपास ३९ वर, तिसरा २६ वर, आणि ‘कुठेच नाही’ १३ वर चढतो. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसानेही नकाशा बदलला.

खरी मेख दुसऱ्या संख्येत आहे. शोध ६० टक्क्यांऐवजी ९० टक्के पक्का होता असे मानले असते, तर पहिला भाग जेमतेम ६ टक्क्यांवर आला असता आणि तिकडे कोणी पुन्हा फिरकले नसते. आपला शोध किती पक्का होता हे शोधणाऱ्याने स्वतःच ठरवायचे असते, आणि दिवसभर उन्हात फिरून आलेला माणूस तो आकडा नेहमी फुगवून सांगतो. हेलिकॉप्टरमधून झुडपाखालचा देह दिसणे दुरापास्त असते, घोड्यावरून घळीच्या काठावरचा कोनाडा दिसत नाही, आणि तीन महिन्यांनी विरलेल्या कापडाचा रंग मातीसारखाच असतो. ‘तो भाग पाहून झाला’ या वाक्यावर जुन्या प्रकरणांतला हौशी शोधक आधी शंका घेतो ती याचसाठी.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण समुद्रातले आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला जाणारे विमान अटलांटिकमध्ये कोसळले. विमानाच्या ब्लॅक बॉक्सला जोडलेली यंत्रे पाण्याखाली काही आठवडे आवाज करत राहतात, म्हणून आधी त्या आवाजासाठी समुद्र ऐकला गेला. आवाज आला नाही, तेव्हा विमानाच्या शेवटच्या ज्ञात स्थानाजवळचा बराच भाग तपासून झाला असे धरले गेले आणि पुढचे शोध दुसरीकडे वळले. जवळपास दोन वर्षांनी विश्लेषकांनी तो आकडाच बदलला: आवाज करणारी दोन्ही यंत्रे अपघातात निकामी झाली असतील तर? तसे मानताच शक्यता पुन्हा त्या पहिल्या भागाकडे आली, आणि एप्रिल २०११ मध्ये, शोध पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर विमानाचे अवशेष सापडले.

इतके नेटके गणित हाताशी असूनही प्रकरणे सुटत नाहीत. महूडने आणि इतर अनेकांनी ज्यावर वर्षानुवर्षे काम केले असे दुसरे प्रकरण कॅलिफोर्नियातल्याच जोशुआ ट्री नॅशनल पार्कमधले आहे. जून २०१० मध्ये एक अनुभवी पदभ्रमंतीकार एका दिवसाच्या फेरीसाठी गेला आणि परतला नाही. त्याची गाडी वाटेच्या तोंडाशी सापडली. तो हरवल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोबाइलचा एका टॉवरशी क्षणभर संपर्क झाल्याची नोंद होती आणि टॉवरपासूनचे अंतरही त्यात होते. अंतर ठाऊक पण दिशा नाही, म्हणजे शक्य जागा टॉवरभोवतीच्या एका कंसावर पसरतात. हौशी शोधकांनी त्या कंसाचे डोंगरकडे, घळी, मोबाइलची लहर पोहोचू शकेल असे उतार यांचे काटेकोर नकाशे बनवले आणि जीपीएसवर नोंदलेल्या प्रत्येकाच्या पायवाटा एकाच नकाशावर चढवल्या, म्हणजे कोण कुठून चालून गेला आणि मधले कोणते पट्टे राहिले हे सर्वांना दिसावे. माझ्या पाहण्यातले हे या छंदाचे सर्वांत शिस्तीचे काम आहे. अवशेष सापडले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, काही पदभ्रमंती करणाऱ्यांना.

शिस्त नसेल तर काय होते तेही नोंदवायला हवे. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी तपासनिसांनी छायाचित्रे जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवले. भारतीय वंशाचा हा मुलगा मार्चपासूनच हरवलेला होता आणि घरचे त्याला शोधत होते. नाव पसरल्यावर त्या कुटुंबावर धमक्यांचा आणि संदेशांचा मारा झाला. २३ एप्रिलला त्याचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ज्या चर्चास्थळावर हे घडले त्याच्या व्यवस्थापकाने जाहीर माफी मागितली. या तपासनिसांनी जागा शोधली नव्हती, गुन्हेगार शोधला होता, आणि दोहोंतला फरक मोठा आहे. घळीविषयीचा तर्क चुकला तर शोधणाऱ्याचा एक शनिवार-रविवार वाया जातो. माणसाविषयीचा चुकला तर त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी घरात मोजली जाते. म्हणूनच जुन्या जाणत्या हौशी शोधकांची मंडळी हयात व्यक्तींवर संशय घेणारे तर्क उघडपणे मांडत नाहीत आणि नवे काही हाती लागले तर आधी तपास यंत्रणेकडे जातात.

डेथ व्हॅलीच्या प्रकरणात दोन्ही मुलांचे अवशेष निश्चितपणे मिळालेले नाहीत, आणि त्यामागेही तीच दुसरी संख्या आहे. लहान मुलांची हाडे बारीक आणि ठिसूळ असतात, कोल्ह्यांसारखे प्राणी ती दूरवर नेतात, आणि त्या घळींतून वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वादळी पावसात येणारे लोंढे उरलेले वाळूखाली गाडतात. प्रौढांच्या अवशेषांसाठी जो शोध सत्तर टक्के पक्का म्हणता येईल, तोच मुलांच्या बाबतीत वीस टक्केही पक्का ठरत नसावा. त्यामुळे जिथे मोठी माणसे सापडली त्याच परिसराला ‘पाहून झाले’ असे लिहिणे या हिशेबात आजही बसत नाही.